कुडाआडून

बाजारपेठेतून आतल्या आळीकडे वळताना, कल्हईवाल्याच्या बंद दुकानापाशी, नूतनला स्वतःचा आवाज ऐकू आला. आधी तो आपला आहे हे तिला कळलंच नाही. माणूस आपला आवाज आतून ऐकतो. बाहेरून आला की तो दुसऱ्याचाच वाटतो. कुठली तरी बाई स्पीकरवर ओव्या म्हणतेय, जरा नाकात म्हणतेय पण बरी म्हणतेय, एवढंच तिच्या मनात आलं आणि ती हातातली पिशवी सांभाळत चालत राहिली. तिसऱ्या ओवीच्या शेवटी त्या बाईला श्वास पुरला नाही, शेवटचं अक्षर तिनं गिळलं, तेव्हा मात्र नूतनचे पाय जागीच थांबले. तो गिळलेला खोकला तिच्या ओळखीचा होता. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या खोलीत पंखा बंद करून, खिडकीवर चादर टाकून, स्टुलावरच्या मोबाईलसमोर तिनं घाण्याच्या बारा ओव्या म्हटल्या होत्या आणि तिसरीला तिला खोकला आला होता. परत म्हणू का, असं तिनं विचारलं, तर आरतीताई म्हणाली होती, राहू दे, असंच खरं वाटतं.

म्हणजे आरतीताईच्या दारचा घाणा सुरू झाला होता. लग्नाच्या हळदीला पाच सवाष्णी जात्याच्या खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, हळकुंडं घालून जातं फिरवतात आणि ओव्या म्हणतात; त्याला घाणा म्हणायचं. नूतनला बाराची वेळ सांगितली होती. आता कुठे साडेदहा होत होते, आणि तीही पानं ओवायला, जातं मांडायला हात लागतील म्हणून दीड तास आधी घरातून निघाली होती. पिशवीत माहेरच्या परसातली हळकुंडं होती, सारजाआत्याच्या बियाण्याची. मुहूर्त अलीकडे आला असेल, सांगायचं राहिलं असेल, पाहुण्यांच्या गडबडीत फोन लागला नसेल, अशी तीन-चार कारणं तिनं आरतीताईच्या वतीनं स्वतःलाच सांगून टाकली. तरी अंगातला ब्लाऊज एकाएकी काखेत काचायला लागला. नूतनच्या हातचा ब्लाऊज काचतो असं जुन्नरात आजवर एकाही बाईनं म्हटलं नव्हतं.

ब्लाऊज पिवळ्या खणाचा होता, हिरव्या काठाचा. महिन्यापूर्वी आरतीताई स्वतः कापड घेऊन दुकानात आली होती. घाण्याच्या पाचजणींना एकसारखे ब्लाऊज शिवायचे होते. चौघींची मापं नूतनच्या वहीत होतीच. पाचवी नवरदेवाची चुलती, बोरी बुद्रुकची, तिनं मापाला आपला जुना ब्लाऊज पाठवला होता. नूतननं कापड मोजलं तर ते सहाजणींचं भरलं. तिनं तसं सांगितलं, तेव्हा आरतीताई दोरे बघत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, असू दे, जरा जास्तच आणलंय. नूतननं त्यावर काही विचारलं नाही. आरतीताईची ही जुनी खोड होती: द्यायचं ते न बोलता द्यायचं. नूतनचा नवरा बहिरू माळशेजच्या घाटात टोमॅटोच्या पिकअपसकट गेला त्या वर्षी तिनं असंच न बोलता शिलाई मशीन आणून ठेवलं होतं, दुकानाचा गाळा बघून दिला होता, नूतनच्या लहानग्या अक्षदाला स्वतःच्या मुलीच्या बरोबरीनं शाळेत सोडलं होतं. तेव्हा सहाव्या ब्लाऊजचं कापड कुणाचं हे विचारणं म्हणजे बहिणीला भाऊबीजेचं ताट का लावलंस असं विचारण्यासारखं झालं असतं. पाच ब्लाऊज शिवून झाल्यावर नूतननं सहावा कापला. अक्षदा आता अवसरीला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीला आली तेव्हा तिनं हुकांना काजं करणाऱ्या आईकडे बघत विचारलं होतं, की तुला तो घालून ये असं कुणी म्हटलंय का. नूतन हसली होती. सगळ्या गोष्टी काय तोंडानं सांगायच्या असतात होय, असं म्हणाली होती. एकूण काय, बाईनं महिनाभर मनात मांडे भाजले होते आणि ते गरम गरम खाल्लेही होते.

स्पीकरवर चौथी ओवी संपली, पाचवी सुरू झाली. नूतन चालायला लागली. आपल्याच आवाजाच्या दिशेनं चालत जाणं ही विचित्र गोष्ट होती. कुणीतरी पुढे गेलंय आणि आपण मागे राहिलोय असं वाटत होतं. आळीच्या तोंडाशी दादाभाऊंनी बोर्ड लावला होता: अक्षता नाहीत, आहेर नाही, पुस्तकं आणा. दादाभाऊ म्हणजे आरतीताईचे यजमान आणि मंडळाचे अध्यक्ष. माणूस बोलायला लागला की समोरच्या खुर्च्यासुद्धा माना डोलवतील. पथनाट्य, व्याख्यानमाला, हिरडा गोळा करणाऱ्या डोंगरातल्या बायांचा मेळावा, शहरात काही बरं व्हायचं असेल तर ते मंडळाच्या खोलीतून व्हायचं. नूतन त्या खोलीत पडदे शिवायला म्हणून गेली आणि पुढे पडद्याबाहेर आली. तिच्यासारखी डोंगरातली, सातवी शिकलेली बाई माईक हातात धरते, तहसीलदाराला प्रश्न विचारते, हे तिचं तिलाच खरं वाटायचं नाही. त्या खोलीनं तिला माणसात आणलं, असं ती सगळ्यांना सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला मंडळानं विधवांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. नगरपरिषदेच्या हॉलमध्ये चारशे बाया. पहिलं नाव नूतनचं. आरतीताईनं करंड्यातलं कुंकू चिमटीत घेतलं, आणि नूतनच्या कपाळावर बोट टेकलं तेव्हा दोघी रडल्या, आणि बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या. दादाभाऊ म्हणाले होते, स्टेजवरचं कुंकू सोपं असतं, घरातलं अवघड असतं, आणि आपण घरात नेणार आहोत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो फोटो सासरी पोचायला पेपराची एसटी लागली तेवढाच वेळ लागला. मोठ्या दिरानं निरोप पाठवला, की आता ह्या दारात पाय ठेवू नको. बहिरूच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि पान न घेता माघारी आली. आई माहेरी आठवडाभर जेवली नाही. नूतननं हे सगळं सोसलं, कारण तिला वाटलं, एक दार लागलं तरी एक उघडलंय. ज्या घराचं दार उघडलं होतं, त्याच घरासमोर आज मांडव होता. आरतीताईच्या हर्षालीचं लग्न होतं.

ओव्या रेकॉर्ड केल्या त्या दिवशीची गोष्ट. आरतीताईला डोंगरातली गाणी जमवायची होती, म्हाताऱ्या चालल्या तशी गाणीही चाललीत म्हणून. नूतन बसली खरी, पण सहाव्या ओवीला अडली. सहावीत नवरीचं नाव घ्यावं लागतं. नवरीवाचून घाणा म्हणायचा नाही, मोकळं जातं फिरवू नये तसंच ते, असं सारजाआत्या सांगायची. खोलीत तर नवरी नव्हती, मोबाईल होता. तेवढ्यात हर्षाली आत आली, सतरा वर्षांची, कॉलेजचं दप्तर पाठीवर, आईकडे किल्ली मागायला. नूतननं तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं:

जात्या रे भावंडा, हळू फिर तू अंगणी
हळदीला बसली, माझी हर्षाली हरणी

पोरगी लाजून पळाली. रेकॉर्डिंग संपल्यावर आरतीताईनं ती एकच ओवी तीन वेळा लावून ऐकली. मग नूतनचा हात हातात घेऊन म्हणाली, हिच्या लग्नात खुंट्याला पहिला हात तुझा, लिहून ठेव. नूतननं लिहून ठेवलं नाही. असली गोष्ट कुणी लिहून ठेवतं का? पण आठ वर्षांत ती गोष्ट विसरली असा एक दिवस गेला नव्हता. ब्लाऊजला हुक लावताना, लाईटचं बिल भरायच्या रांगेत, कधी उगीचच, तिला आपला हात खुंट्यावर दिसायचा: पिवळ्या बोटांचा, वरून इतर चार हात. नवरा गेल्यापासून लग्नघरात तिचा हात कुठल्याच शुभ वस्तूला लागला नव्हता. पंगतीत वाढलं होतं, भांडी विसळली होती, नवरीचे ब्लाऊज रात्रंदिवस शिवले होते. पण हळद नाही. तिला आयुष्यात आता फार काही नको होतं. एवढं एक हवं होतं.

सातवी ओवी. मांडव दिसायला लागला. पुढच्या बाजूला खुर्च्या, चहाची टाकी, पाहुण्यांत उभे राहून दादाभाऊ काहीतरी समजावून सांगत होते. नूतन पुढून गेली नाही. का गेली नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पाय आपोआप शेजारच्या बोळात वळले, जिथं मांडवाची कनात भिंतीला लागून आली होती आणि दोन कापडांच्या मध्ये बोटभर फट होती. तिनं फटीतून आत बघितलं. पाच पिवळ्या पाठी. शिवणाऱ्या बाईला चेहरे लागत नाहीत. डावा खांदा पडलेली ती आरतीताईची जाऊ, पाठीला जास्त खोल गळा सांगितलेली ती तिची मावसबहीण, आणि मापाच्या ब्लाऊजवरून शिवलेला, जरासा ढगळ झालेला, तो बोरीच्या चुलतीचा. मधली पाठ आरतीताईची. पाचजणी जात्याभोवती बसल्या होत्या आणि ओव्या कुणालाच येत नव्हत्या. त्या जातं फिरवत होत्या आणि नूतन स्पीकरमधून गात होती. जातं आणि गाणं एकमेकांना धरून चाललं नव्हतं. गाणं उठायचं तिथं खुंटा खाली यायचा.

तेव्हा तिला कूड आठवला. आठवला म्हणजे वासच आला, शेणानं लिंपलेल्या कारवीचा. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. तिथं घरांना आतून भिंती नसायच्या, कारवीचे कूड असायचे. सारजाआत्या तिच्या बापाची थोरली बहीण. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माघारी आली ती भावाच्या घरातच राहिली. पाच वाड्यांत घाण्याच्या बाराच्या बारा ओव्या फक्त तिला येत. आणि तिला तर जात्यापाशी बसता यायचं नाही. मग गावानं तोड काढली होती. आत्या कुडाच्या पलीकडे, गोठ्यात, गवताच्या भाऱ्यावर बसायची आणि तिथून एकेक ओवी सांगायची. अलीकडे सवाष्णी ती झेलून म्हणायच्या. कूड पातळ असतो, आवाज अडवत नाही. बाई तेवढी अडवतो. लहान नूतन आत्यापाशी गोठ्यात बसायची. आत्या सांगताना डोळे मिटून घ्यायची आणि तिचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरायचा, खुंटा नसलेला. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. आत्यालाही वाटत नसावं, असं नूतन मंडळात सांगायची. तिच्या भाषणातला तो हमखास भाग होता. शहरातल्या बाया डोळे पुसायच्या.

त्या भाषणात आणखी एक भाग असायचा, तिच्या स्वतःच्या हळदीचा. त्या दिवशी सारजाआत्यानं पाच ओव्या सांगितल्या आणि सहावीला थांबली. अलीकडच्या बाया खुंटा धरून वाट बघत राहिल्या. आईनं कुडाला तोंड लावून हाक मारली, वन्सं, पुढची सांगा की. पलीकडून आवाज आला, इसरले. बाया हसल्या, म्हणाल्या, म्हातारी इसरली. जातं थांबवायचं नाही म्हणून त्यांनी ते तसंच फिरवलं, बिनगाण्याचं, मुकं. बहिरू गेल्यावर आईनं ऊर बडवून घेतलं, की हळदीला जातं मुकं फिरलं तेव्हाच मी वळखलं व्हतं. नूतन हे सांगून थांबायची आणि विचारायची, जातं मुकं फिरतं म्हणून माणूस मरतो का, का घाटात संरक्षक कठडा नसतो म्हणून मरतो? टाळ्या पडायच्या. टाळ्यांमध्ये ती स्वतः मात्र दर वेळी खाली बघून माईकची वायर सरळ करत राहायची. लग्नानंतरच्या दिवाळीला ती माहेरी गेली तेव्हा आत्यानं तिला समोर बसवून बाराही ओव्या शिकवल्या होत्या, एकदाही न अडखळता. हा भाग भाषणात कधी आला नव्हता.

स्पीकरवर अकरावी ओवी संपत आली. नूतन कनातीला चिकटून उभी राहिली. बारावी तिची स्वतःची होती. घाण्याच्या शेवटच्या ओवीत गाणारी आपलं नाव घेते, ही रीत. जिनं दळलं तिची हळद, जिनं गायलं तिचं नाव. आता हे नाव ह्या मांडवात, पाच सवाष्णींच्या डोक्यावरून, बोरीच्या पाहुण्यांच्या कानांवर पडणार होतं. हात नाही तर नाही, नाव तरी जात्यापाशी बसेल, असं तिला वाटलं आणि एवढ्यावरही आपण राजी व्हायला तयार आहोत याची तिला लाज वाटली. ओठ आपोआप हलायला लागले होते:

सरली हळकुंडं, सरलं सुपातलं दाणं
नूतन गाती बाई, सारजाआत्याचं हे देणं

स्पीकर क्षणभर खरखरला आणि पहिली ओवी पुन्हा सुरू झाली. तिला वाटलं, आपली मोजण्यात चूक झाली. मग कळलं. कुणीतरी बसून, कान देऊन, नेमकी तेवढीच ओवी कापली होती. हे काम चुकून होत नाही. कापड कापणाऱ्या बाईला ते कुणी सांगायला नको. आधी माप घ्यावं लागतं, खूण करावी लागते, मगच कात्री लागते.

कनात बाजूला झाली आणि आरतीताई सूप घ्यायला बोळात आली. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, नूतनच्या पायाशीच. आधी तिला नूतनचे पाय दिसले, मग पिशवी, मग ब्लाऊज. ब्लाऊजवर तिची नजर जेवढा वेळ थांबली तेवढ्यात सगळं बोलून झालं होतं. ते कापड बोरीच्या चुलतीच्या सुनेसाठी आणलं होतं, सून आलीच तर, हे तिनं नंतर सांगितलं; नूतननं न विचारता सांगितलं. मग हळू आवाजात बाकीचं. पाहुणे चांगले आहेत, पण जुन्या वळणाचे आहेत. चुलतीबाई सकाळी सहालाच येऊन बसल्या. दादाभाऊंनी रात्री समजावून बघितलं, पण पोरीला त्या घरात नांदायचंय. एक दिवसाचा प्रश्न आहे. आपण समजूतदार माणसांनी थोडं मागं सरायचं असतं, कारण त्यांना ते जमत नाही. हे बोलताना तिचे डोळे खरंच भरून आले होते, आणि नूतनला सगळ्यात जास्त राग त्या भरलेल्या डोळ्यांचा आला. संक्रांतीला हेच डोळे असेच भरले होते.

"शेवटची ओवी कुणी कापली?" नूतननं विचारलं.

आरतीताईनं सूप उचललं. "स्पीकर लावणाऱ्या ऋषीनं केलं ते. मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चुलतीबाईंनी नाव ऐकलं असतं तर कोण म्हणून विचारलं असतं. मग मी काय सांगणार होते?" आणि मग नूतनच्या दंडाला हात लावून, समजूत घालावी तशी म्हणाली, "पण आवाज तर तुझाच लावलाय ना गं. तुझ्याशिवाय माझ्या पोरीची हळद दळली जाणार नाही, हे मी ठरवलंच होतं."

ह्याला केसानं गळा कापणं म्हणतात, एवढा शब्द नूतनच्या मनात स्पष्ट आला, आणि त्याबरोबर हेही, की केस मऊ असतो म्हणूनच कळत नाही. जेवायला पुढं बस, आलेच मी, असं सांगून आरतीताई आत गेली. कनात पडली. नूतन जिथं होती तिथंच राहिली. घरी जावं तर अक्षदाला फोनवर काय सांगायचं; पुढे जावं तर त्या पाच पिवळ्या पाठींसमोर हा सहावा ब्लाऊज घालून कसं उभं राहायचं. शेजारच्या घरातली बाई गच्चीवरून बघत होती. दिरानं तोंडावर दार लावलं तेव्हा दुखलं होतं, पण फसल्यासारखं वाटलं नव्हतं. त्यानं कधी ये म्हटलंच नव्हतं. सारजाआत्यालाही कुणी फसवलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. तिला कुणी कुंकू लावलं नव्हतं, हातात हात घेऊन शब्द दिला नव्हता. ती आपली सरळ कुडामागं बसली होती.

आणि मग, एवढी वर्षं चुकवत आणलेली गोष्ट त्या बोळात तिच्यासमोर येऊन उभी राहिली. शब्द दिला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी गोठ्यात, आत्या म्हशीच्या आचळांना तेल लावत होती, तेव्हा मान खाली घालूनच म्हणाली होती, "नूते, लई न्हाई मागत. तुझ्या हळदीला येकदा खुंट्याला हात लावू देशील का मला? उलीसाच." आणि एकोणीस वर्षांची नूतन म्हणाली होती, देईन की, त्यात काय. दुसऱ्या दिवशी आत्या न्हाऊन, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून माजघराच्या उंबऱ्याशी आली. आई म्हणाली, वन्सं, तिकडं. आत्यानं आईकडे बघितलं नाही, नूतनकडे बघितलं. नूतन पाटावर बसली होती, हातात हिरवा चुडा होता, सगळ्या बाया बघत होत्या. तिनं बांगड्या मोजल्यासारखं केलं. मान वर केली तेव्हा उंबऱ्यात कुणी नव्हतं आणि थोड्या वेळानं कुडामागून पहिली ओवी आली होती.

गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे जुन्नरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मुहूर्त न मानणाऱ्या घरानं पाहुण्यांसाठी मुहूर्त तेवढा बघितला होता आणि जनरेटर संध्याकाळच्या वरातीला सांगितला होता. दुसऱ्या खेपेची पाचवी ओवी संपली आणि स्पीकर मेला. पंखे थांबले. एकदम सगळीकडे माणसांचे खरे आवाज ऐकू यायला लागले. मांडवात जातं दोन फेरे फिरलं आणि अडखळलं. बोरीच्या चुलतीचा आवाज आला, की आता गं बया, हळद मुकी दळायची का, म्हणा की कुणीतरी. कुणीतरी कसलीशी आरती सुरू केली आणि एका ओळीत सोडून दिली. मग कुजबुज झाली. नूतनला कळलं, आता काय होणार ते. तिला ते पाच-सहा क्षण आधीच ऐकू आलं होतं, जसं आपल्या घराच्या फाटकाचा आवाज माणसाला झोपेतही कळतो.

पावलं कनातीजवळ आली. या वेळी कापड बाजूला झालं नाही. आतल्या बाजूनं फक्त बोटं दिसली, हळदीनं पिवळी झालेली, कापडाची कड धरलेली.

"नूतन," आरतीताई कापडाला तोंड लावून म्हणाली. "आहेस ना गं? पुढची ओवी सांग ना. इथूनच सांग हळूच, मी म्हणते मोठ्यानं."

पुढची ओवी हर्षालीची होती. फटीतून तिची बाजू दिसत होती, पाटावर बसलेली, मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या. लहानपणी ही पोरगी शाळेतून येऊन दुकानात मशीनखाली बसायची, चिंध्यांच्या बाहुल्या करायची, पायडलचा वारा लागतो म्हणून. तिचा ह्यात काही दोष नव्हता. ती मान खाली घालून मांडीवरच्या हाताकडे बघत होती आणि हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून सरळ करत होती. तिला माहीत होतं की नाही, बोळात कोण उभं आहे ते? नूतननं तिच्या वर बघण्याची वाट बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. ओवी जिभेवर अख्खी होती, जात्या रे भावंडा पासून हरणीपर्यंत, एक अक्षर कमी नाही.

"इसरले," नूतन म्हणाली.

आत आरतीताईनं ते कुणाला तरी सांगितलं असावं. एक बाई हसली, दुसरी म्हणाली, होतं असं, वय होतं. जातं थांबवायचं नव्हतं. त्यांनी ते तसंच फिरवायला घेतलं. दगडावर दगड घासल्याचा आवाज बोळातून चांगला ऐकू येत होता. सारजाआत्याला जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ती होती तोवर तिला त्या दिवसाबद्दल काही विचारायचं नूतनच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिनं पिशवीतली हळकुंडं हातात घेतली, ती कुठं ठेवावीत हे तिला सुचेना, आणि पिशवीत परत टाकून ती बोळाच्या दुसऱ्या तोंडानं बाजारपेठेकडे चालायला लागली.